गाडी म्हातारी होते ती कशानं?

जुनी गाडी विकायला काढली, की येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'किती चाललीय?' आकडा पन्नास हजारांच्या आत असेल तर आपण तो ताठ मानेनं सांगतो. ऐंशी हजारांच्या पुढं गेला असेल तर आवाज जरा खाली येतो. आणि लाख ओलांडला असेल, तर 'पण सगळी हायवेवरच चाललीय हो,' अशी पुस्ती जोडतो. लाख किलोमीटर म्हणजे गाडीची साठी, आता तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत बरीच वर्षं मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. नव्या तुकडीला पहिल्याच आठवड्यात विचारायचो, 'गाडी किती चालते रे?' कुणी दोन लाख म्हणायचं, कुणी तीन. एखादा ट्रकवाल्याचा मुलगा धीर करून दहा लाखांपर्यंत जायचा आणि सगळा वर्ग त्याला हसायचा. आज मला त्या मुलाच्या बाजूनं बोलायचं आहे.

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर अर्व्ह गॉर्डन नावाचे विज्ञानाचे एक शिक्षक राहत. १९६६ साली त्यांनी लाल रंगाची व्होल्वो पी १८०० ही दोन दारांची गाडी घेतली. किंमत जवळजवळ वर्षाच्या पगाराइतकी. शाळेत जाऊन येऊन रोजचा प्रवास सव्वाशे मैलांचा, म्हणजे दोनशे किलोमीटरचा. त्यातून फिरण्याची हौस. १९८७ साली या गाडीनं दहा लाख मैल पुरे केले. १९९८ साली तिचं नाव गिनेस बुकात गेलं. २००२ साली वीस लाख झाले आणि सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्कात तीस लाख. मैल बरं का! किलोमीटरमध्ये सांगायचं तर अठ्ठेचाळीस लाखांहून जास्त. पृथ्वीला विषुववृत्तावरून एकशेवीस प्रदक्षिणा घातल्या तर एवढं अंतर होतं. आपण वर्षाला दहा हजार किलोमीटर गाडी चालवत असू, तर एवढा आकडा गाठायला शिवजन्माच्याही कितीतरी आधी गाडी सुरू करायला हवी होती.

गॉर्डन २०१८ साली वारले, तोवर मीटर बत्तीस लाख मैलांच्या पुढं गेला होता. मालक गेले, गाडी मागं राहिली.

त्यांना जो तो गुपित विचारायचा आणि उत्तर ऐकून निराश व्हायचा. कारण त्यात गुपित काहीच नव्हतं. गाडीबरोबर जे पुस्तक मिळतं ते त्यांनी वाचलं होतं आणि त्यात लिहिलंय तसं ते वागत होते, इतकंच. तीन-साडेतीन हजार मैलांना इंजिन ऑइल बदलायचं म्हणजे बदलायचं. बारीकसा आवाज आला तर तो त्याच आठवड्यात बघायचा. एवढं करून इंजिन पहिल्यांदा खोलावं लागलं ते सहा लाख ऐंशी हजार मैलांना, म्हणजे सुमारे अकरा लाख किलोमीटरना. आपल्यापैकी किती जणांनी गाडीचं ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यातून बाहेर काढलंय, हे ज्याचं त्यानं मनाशी म्हणावं.

आता तुम्ही म्हणाल, गाडी जितकी जास्त चालेल तितकी ती झिजणारच ना? झिजते; पण सगळे किलोमीटर सारखे नसतात. सकाळी गाडी सुरू करतो तेव्हा रात्रभरात ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग, कॅमशाफ्ट यांच्यावर ऑइलचा जेमतेम पापुद्रा उरतो. पंप ते पुन्हा वर पोचवेपर्यंतच्या क्षणांत आणि इंजिन नीट तापेपर्यंतच्या मिनिटांत जी झीज होते, तिच्यापुढं गरम इंजिनानं हायवेवर कापलेल्या अंतराची झीज अगदी किरकोळ. त्यात दुसरी गंमत अशी, की एक लिटर पेट्रोल जळलं, की वाफेच्या रूपात जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. बरंचसं सायलेन्सरमधून निघून जातं, थोडं रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतं. लांबच्या प्रवासात ऑइल चांगलं तापतं, ते पाणी उडून जातं. पण घर ते भाजी मंडई आणि मंडई ते घर एवढंच फिरणाऱ्या गाडीत ते तसंच साचतं आणि ऑइलचा चिखल होतो. डॉक्टरांची, पेन्शनरांची, 'फक्त वीस हजार चाललेली' गाडी खोलली, की आत काळं लोणी निघतं, ते यामुळं. असली इंजिनं मी वर्गात मुद्दाम ठेवत असे.

ढोबळ हिशेबच करू. हायवेवर ताशी ऐंशीनं टॉप गिअरमध्ये जाणारं इंजिन मिनिटाला साधारण चोवीसशे फेरे घेत असेल, तर एका किलोमीटरला अठराशे फेरे झाले. शहरात सिग्नल धरून सरासरी वेग ताशी पंधराचा पडला आणि फेरे सरासरी पंधराशे धरले, तर त्याच किलोमीटरला सहा हजार फेरे. म्हणजे मीटर एकच पाऊल पुढं सरकतो, पण इंजिनाचं काम तिपटीनं वाढलेलं असतं. ट्रॅक्टर आणि जनरेटरची सर्व्हिसिंग तासांवर मोजतात, ती उगीच नाही.

मग शहरातच फिरणारी टॅक्सी इतकी कशी टिकते? ग्रीसमध्ये थेस्सालोनिकी या शहरात ग्रेगोरिओस साचिनिदिस नावाचे टॅक्सीचालक होते. त्यांची १९७६ सालची मर्सिडीज २४० डी शेहेचाळीस लाख किलोमीटर चालली. २००४ साली ती कंपनीच्या संग्रहालयात गेली. टॅक्सीचं इंजिन थंड होतच नाही, हे एक कारण. दिवसपाळीचा ड्रायव्हर उतरला की रात्रपाळीचा बसतो. दुसरं कारण त्या इंजिनाच्या स्वभावात. चोवीसशे सीसीचं साधं डिझेल इंजिन, ताकद बेताची, पण घडण दणकट. त्याला घाई कधी नव्हतीच. पळण्यापेक्षा ओढणं त्याच्या अंगात होतं.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. शेहेचाळीस लाख किलोमीटर एकाच इंजिनानं काढले नाहीत. इंजिनं उतरवली गेली, दुरुस्त झाली, आलटून पालटून चढवली गेली. आमच्या वर्गात यावर वाद व्हायचा. 'सर, इंजिन बदललं म्हणजे गाडी तीच कशी?' मी म्हणायचो, तुमच्या गावच्या वाड्याची कौलं दर चार वर्षांनी बदलतात, एखादा वासा बदलतो, दार बदलतं. वाडा दुसरा झाला का? तो टिकला, कारण दर पावसाळ्याआधी कुणीतरी शिडी लावून वर चढत होतं.

अमेरिकेतलीच आणखी दोन उदाहरणं. मेन राज्यातल्या जो लोसिसेरो यांची १९९० सालची होंडा अ‍ॅकॉर्ड २०११ मध्ये दहा लाख मैलांवर पोचली. कंपनीनं मिरवणूक काढून त्यांना नवी गाडी भेट दिली. आणि ही गाडी त्यांनी घेतली होती जुन्या बाजारातून, चौऱ्याहत्तर हजार मैल झालेली! दुसरे लुइझियानाचे व्हिक्टर शेपर्ड. त्यांच्या २००७ सालच्या टोयोटा टुंड्रानं नऊ वर्षांत, २०१६ मध्ये दहा लाख मैल पुरे केले, तेही मूळ इंजिनावर. कंपनीनं त्यांना नवी गाडी दिली आणि जुनी खोलून अभ्यासायला नेली. ती शंभराहून जास्त वेळा सर्व्हिसिंगला गेली होती. नशिबाचा भाग यात किती, ते तुम्हीच ठरवा.

आपल्याकडचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फिएट, पुढं तिची प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे तीच. तिचं उत्पादन शतक संपता संपता थांबलं, तरी टॅक्सी धावतच राहिल्या. कारण ती कुणालाही दुरुस्त करता येत होती. बोनेट उघडलं की सगळं डोळ्यांसमोर. पाना-पक्कड घेऊन रस्त्याच्या कडेला मिस्त्री तासाभरात चालती करून देई. सुटे भाग कुर्ल्याच्या नि चोर बाजाराच्या गल्ल्यांत मिळत. गाडीचं आयुष्य कारखान्यात ठरतं तेवढंच ते अशा गल्ल्यांतही ठरतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळं ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला ती रस्त्यावरून उतरली. ती बंद पडली म्हणून नाही, वय झालं म्हणून.

कायदा वर्षं मोजतो, किलोमीटर मोजत नाही, अशी तक्रार जुन्या गाड्यांचे शौकीन करतात. तिच्यात तथ्य आहे. पण दुसरी बाजूही खरी आहे. जुन्या गाडीला ना एअरबॅग, ना आजच्यासारखे ब्रेक. तिचा धूर आजच्या नियमांत बसत नाही. टिकणं हा गुण आहे, म्हणून टिकलेलं सगळंच चांगलं असं होत नाही. निळा धूर सोडणारी गाडी ऑइल जाळत असते. ती रस्त्यावर ठेवण्यात कसला अभिमान? माझं म्हणणं एवढंच आहे, की जी गाडी तिच्या हक्काच्या पंधरा-वीस वर्षांत तीन-चार लाख किलोमीटर सहज देऊ शकते, ती आपण हयगयीनं लाखातच खिळखिळी करतो आणि मग नव्या गाडीचं कर्ज काढतो. मध्यमवर्गीय घरात घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी गाडीचीच असते. तिचं आयुष्य दुप्पट झालं, तर मुलाचं शिक्षण निघतं.

मग करायचं काय? ऑइल आणि फिल्टर वेळेवर, आणि गाडी फार कमी चालत असेल तरी वर्षातून एकदा. सकाळी सुरू केल्याबरोबर रेस करू नका. पहिले दोन-तीन किलोमीटर शांतपणे चालवा. कूलंटच्या जागी नळाचं पाणी ओतू नका, आतून गंज धरतो. टायमिंग बेल्ट असलेल्या गाडीत तो दिलेल्या मुदतीत बदला. तुटला तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि काही हजारांच्या कामाचं लाखाचं काम होतं. कोकणात, गोव्यात, समुद्रालगत राहत असाल तर पावसाळा संपल्यावर गाडी खालून धुऊन घ्या; तिथं इंजिनाच्या आधी पत्रा जातो. आणि जुनी गाडी घेताना मीटरवर विसंबू नका, तो मागं फिरवता येतो. ब्रेकच्या पेडलचं रबर बघा, स्टिअरिंग गुळगुळीत झालंय का ते बघा. टायरच्या कडेला चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मीटर वीस हजार सांगतोय आणि पेडल झिजून गेलंय, तर खरं पेडल बोलतंय. सर्वांत मोलाचं म्हणजे सर्व्हिसिंगच्या पावत्या. दीड लाख चाललेली, पण पावत्यांची फाईल असलेली गाडी मी डोळे मिटून घेईन. चाळीस हजारांची, पण कागद नसलेली घेणार नाही.

शेवटी माझ्या ट्रेडविषयी. पूर्वी आम्ही मुलांना पंपाचं वॉशर बदलायला शिकवत होतो, नंतर पंपच बदलायला शिकवू लागलो. आता तर बऱ्याच ठिकाणी अख्खा भाग खोक्यातून काढायचा, बसवायचा आणि जुना भंगारात टाकायचा, एवढंच काम उरलंय. त्याला इलाजही नाही. गाड्या तशाच येतात. पण कान लावून आवाज ओळखणारा, 'साहेब, अजून सहा महिने चालेल, आत्ता खर्च करू नका' असं सांगणारा मिस्त्री हळूहळू कमी होत चाललाय. माझा एक जुना विद्यार्थी टूरिस्ट गाडी चालवतो. त्याच्या इनोव्हाचे पाच लाख किलोमीटर झाले, इंजिन अजून खोललेलं नाही. तो कंपनीचं कौतुक करतो, मी त्याच्या वहीचं करतो. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती पैसे. पहिल्या दिवसापासूनची नोंद त्या वहीत आहे. दहा-वीस रुपयांची ती वही तुमच्याही गाडीत असू द्या. आणि तुमच्या भागात असा एखादा मिस्त्री असेल, तर गाडी त्याच्याकडे नेत राहा. त्याच्या हाताखाली एखादं पोर शिकत असेल, तर त्यालाही काम मिळत राहील.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)