अनुभवाची चौकशी



बी.एड.च्या छात्राध्यापकांकडून सराव पाठानंतर जी चिंतनात्मक रोजनिशी लिहून घेतली जाते, तिच्यात ‘पाठ समाधानकारक झाला, मात्र वेळेचे नियोजन सुधारावयास हवे’ हे वाक्य इतक्या निष्ठेने अवतरत असते, की वहीच्या पानांवर ते आधीच छापून दिले असते तर पुष्कळांचे श्रम वाचले असते. वाक्य खोटे नसते. परंतु ते लिहिल्याने लिहिणाराच्या ज्ञानात तिळभरही भर पडत नाही.

ह्या लेखनाला काही शिस्त असावी म्हणून ग्रॅहॅम गिब्ज ह्या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञाने १९८८ साली ‘लर्निंग बाय डुइंग’ ह्या ग्रंथात सहा पायऱ्यांचे एक चक्र मांडले : वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढील कृतीची तजवीज. ह्या चक्राच्या मागे अनुभवातून होणाऱ्या शिक्षणाचे अभ्यासक डेव्हिड कोल्ब आहेत, आणि त्यांच्याही मागे, कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांना ज्यांचे अध्यापन लाभले, ते जॉन ड्यूई आहेत. इंग्लंडात परिचारिकांच्या शिक्षणात हे चक्र विशेष रुजले.

आता अशी कल्पना करा, की एका छात्राध्यापिकेने पाचवीच्या वर्गात १/२ अधिक १/३ हे उदाहरण फळ्यावर मांडले, मागच्या बाकावरील मुलाने २/५ असे उत्तर दिले, तिने ‘चूक’ म्हणून दुसऱ्यास उठविले, आणि रात्री वहीत ‘मुलांचे लक्ष नव्हते’ असा शेरा मारला. गिब्जची पहिली पायरी हा शेरा लिहूच देत नाही. तेथे पंचनाम्यासारखे, कोण काय बोलले एवढेच नोंदवावयाचे, आणि तसे नोंदवू लागताच दिसते, की मुलगा लक्ष देऊन ऐकत होता. त्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळविला होता. दुसऱ्या पायरीवर, निरीक्षक मागे बसले असल्यामुळे आपल्याला बरोबर उत्तराची घाई झाली होती, हे तिने मान्य करावयाचे. मूल्यमापनात पाठाचे बरेवाईट दोन्ही यावे. येथे फार रेंगाळण्याचे कारण नाही.

खरे काम विश्लेषणात आहे, आणि माझ्या मते निम्मे पान त्यालाच द्यावे. पूर्णांकांच्या बेरजेत जी रीत त्या मुलाला नेहमी यश देत आली, तीच त्याने येथे लावली. म्हणजे उत्तर चुकले तरी त्यामागे विचार होता. शिवाय २/५ हे १/२ पेक्षाही लहान आहे, तेव्हा अर्ध्यात काही मिळविल्यावर बेरीज अर्ध्याहून कमी कशी झाली, एवढे त्याला विचारले असते तरी त्याची चूक त्याच्याच हाती लागली असती. ह्यापुढे निष्कर्ष आणि तजवीज ह्या दोन पायऱ्यांमधील सीमा मला तरी नेहमी पुसट वाटत आली आहे. त्या एकत्र लिहिल्यास काही बिघडत नाही. मात्र तजवीज ‘अधिक तयारी करीन’ अशी मोघम नसावी, ‘उद्या चुकलेल्या प्रत्येक उत्तरावर “हे कसे काढलेस?” असे विचारीन, आणि अपूर्णांक दाखविण्यासाठी समान लांबीच्या कागदी पट्ट्या घेऊन जाईन’ अशी असावी, म्हणजे ती पाळली की नाही हे परवा तपासता येईल.

हे सहा रकाने सरकारी नमुन्यासारखे भरण्याची प्रवृत्ती बळावते, हा आक्षेप रास्त आहे. पण तो दोष नमुन्याचा थोडा आणि ही वही तपासणाऱ्यांचा अधिक आहे. ज्या वहीला गुण मिळावयाचे असतात, तिच्यात भीतीची कबुली कोण देईल? म्हणून अध्यापकमहाशयांना माझी विनंती आहे, की भावनांच्या रकान्याला गुण देऊ नका, आणि शक्य झाल्यास तो वाचूही नका. विश्लेषण मात्र शब्दन् शब्द वाचा, आणि त्याखाली सहीऐवजी एखादा प्रश्न लिहा.