दुखणे आपल्या बोलीत सांगा



१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, २०१४ साली तेलंगण झाले. गुडीहत्नूरच्या आपल्या घरांतली मराठी मात्र टिकली. मुले तेलुगू-इंग्रजीत शिकली, पण वडीलधाऱ्यांचे दुखणे अजून मराठीच बोलते.

आम्ही डॉक्टर मंडळी हे नेहमी पाहतो. आजी म्हणतात, ‘कसनुसं होतंय, दरदरून घाम फुटलाय, जीव घाबरा होतोय.’ सोबतचा नातू आम्हाला सांगतो, ‘गॅस झालाय.’ आजींचे खरे दुखणे तिथेच हरवते. मधुमेह असेल, वय झाले असेल, तर छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. घाम, धाप, मळमळ एवढीच त्याची खूण. रक्त अडले की हृदयाचा स्नायू मरू लागतो. तिथे सोडा-लिंबू काय करणार? ईसीजी लगेच हवा.

म्हणून आमची विनंती एवढीच: वडीलधाऱ्यांना त्यांच्या शब्दांत बोलू द्या आणि ते शब्द जसेच्या तसे आमच्यापर्यंत पोहोचवा. केव्हापासून, काय करताना, हेही सांगा. अशी लक्षणे दिसली तर आरती संपायची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. बाप्पा रागावणार नाही.