बेलापूरहून उरणची वाट



मी राहतो त्या बेलापुरास हल्ली सर्वजण ‘सीबीडी’ म्हणतात. व्यापाराची मध्यवर्ती पेठ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. जुने गाव मात्र खाडीच्या बाजूस, पडक्या किल्ल्याच्या आसऱ्याने अद्याप नांदत आहे. सिडकोची कचेरी येथेच, कोकण रेल्वेची मुख्य कचेरीही येथेच. कोकणच्या वाटांचा विचार ज्या मेजांवर होतो ती मेजे माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहेत. तेव्हा त्या वाटांविषयी आज थोडे बोलावे म्हणतो.

बेलापूरच्या दक्षिणेस, उरण तालुक्यात, न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर 1989 साली सुरू झाले. त्यासाठी व नव्या शहरासाठी शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, त्या सुखासुखी नव्हे. 16 व 17 जानेवारी 1984 रोजी जासई-नवघरकडे पोलिसांचा गोळीबार होऊन पाच जण प्राणास मुकले. दि. बा. पाटील यांनी चालविलेल्या त्या लढ्यामुळेच साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकास परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. या भागातील कोणत्याही रस्त्याचा हिशेब मांडताना हे पाच जीव प्रथम जमेस धरावयास हवेत, असे माझे मत आहे.

बंदराला मालगाडीचा मार्ग आरंभापासूनच मिळाला. ज्यांच्या जमिनीवर तो गेला त्या माणसांना गाडी केव्हा मिळाली? नेरूळ-बेलापूरपासून खारकोपरपर्यंत नोव्हेंबर 2018 मध्ये, आणि उरणपर्यंत 12 जानेवारी 2024 रोजी. म्हणजे बंदर उघडले त्या वर्षी जन्मलेले मूल चौतिशीत आले, तेव्हा कोठे त्याच्या गावी उतारूंची गाडी पोहोचली. मधल्या काळात उरणकडील विद्यार्थी, नोकरदार, भाजी-मासळी विकणाऱ्या बाया, सर्वांचा मार्ग एकच, आणि तोच डबे वाहणाऱ्या अजस्त्र ट्रेलरांचा. माझे काही विद्यार्थी परीक्षेच्या दिवशी दोन तास आधी घर सोडीत, कारण विचारले तर सांगत, “सर, वाटेत ट्रेलरांची रांग किती असेल याचा नेम नाही.” मोटारसायकलवरून जाणारा मुलगा घरी सुखरूप परतेपर्यंत आई उंबरठ्यावर उभी राही. ही भीती अद्याप पुरती सरलेली नाही.

आता मालाचा विचार करू. 2024-25 या वर्षात या बंदरातून, वीस फुटी डब्याच्या मापाने मोजल्यास, सुमारे 73 लाख डब्यांची उलाढाल झाली. त्यांपैकी पाचांत एकाहूनही कमी डबा आगगाडीने जातो. बाकी सारा भार रस्त्यावर. एका मालगाडीत मावणारा माल कित्येक डझन ट्रेलर अडवून धरतो, हे सांगावयास अर्थशास्त्री लागत नाही. याच कारणास्तव दादरीपासून या बंदरापर्यंत केवळ मालासाठी सुमारे 1,500 किलोमीटरांचा निराळा लोहमार्ग योजला गेला. त्याचा रेवाडी-मदार हा भाग 7 जानेवारी 2021 रोजी खुला झाला. वैतरणा ते बंदर हा सुमारे शंभर किलोमीटरांचा तुकडा मात्र सर्वांच्या मागे राहिला. जेथे गर्दी अधिक, जमीन महाग, तेथेच काम मंद! शेंडी ओली झाली, पाय कोरडे, तरी स्नान झाले म्हणावयाचे, असा हा प्रकार.

रस्त्यावरचा बोजा रुळांवर नेणे आपल्याकडे अपरिचित आहे असे नाही. कोकण रेल्वेने 26 जानेवारी 1999 पासून कोलाड ते वेर्णा असे भरलेले ट्रक मालासकट गाडीवर चढवून नेण्यास प्रारंभ केला. घाटवळणांचा मार्ग चालकास निजून काढता येऊ लागला, आणि डिझेल वाचले ते निराळेच.

उरणची गाडी उरणास पोहोचली त्याच दिवशी, 12 जानेवारी 2024 रोजी, शिवडीहून न्हाव्याकडे येणारा अटल सेतूही खुला झाला. 21.8 किलोमीटरांचे ते बांधकाम पाहून ऊर भरून येतो. परंतु मोटारीस एका खेपेचा पथकर 250 रुपये ठरला, आणि दुचाकीस तेथे मज्जावच आहे. जासईच्या कामगाराजवळ असते ती दुचाकीच. त्याचा खरा सेतू काही रुपयांच्या तिकिटाची गाडी हाच. आणि त्या गाडीच्या दोन फेऱ्यांमध्ये अंतर फार. एक गाडी चुकली की तो पुन्हा दुचाकी काढतो व ट्रेलरांच्या रांगेत शिरतो.

म्हणून माझी मागणी लहान आहे. उरणच्या फेऱ्या वाढवाव्यात, विशेषतः पहाटे व रात्री, पाळ्या बदलतात त्या वेळी. ट्रेलरांना रस्त्याच्या कडेस उभे न करता पुरेसे वाहनतळ द्यावेत, आणि तेथे चालकांसाठी पाणी, शौचालय व निवारा असावा. तोही कोणाचा तरी मुलगा आहे, दूरदेशाहून आलेला. विमानतळामुळे याच रस्त्यांवर आणखी गर्दी लोटणार आहे. नव्या मार्गाचे नकाशे बेलापूरच्या ज्या मेजांवर पसरले जातील, त्यांवर गव्हाण, जासई, नवघर ही नावे ठळक अक्षरांत असावीत.