घरफाळ्याच्या वाढीस मर्यादा असावी काय?

मिळकतीवरील करास आपल्या कोल्हापुरांत मालमत्ता कर असें क्वचितच कोणी म्हणतो. आपला शब्द घरफाळा. त्याचें बिल दारांत आलें कीं घरांतील वडीलधारा माणूस प्रथम चष्मा शोधतो आणि मग मागील वर्षाची पावती. दोहोंतील आंकडे जुळले नाहींत म्हणजे जो वाद सुरू होतो तो संध्याकाळीं रंकाळ्याच्या कट्ट्यापर्यंत पोहोंचतो. तेथें एक सूचना हटकून निघते : घरफाळा वर्षाला अमुक टक्क्यांहून अधिक वाढूं नये, असें कायद्यानेंच बांधून टाकावें. त्या सूचनेविषयीं आज मला बोलावयाचें आहे.

आरंभींच सांगतों कीं, या प्रकरणीं मी तटस्थ नाहीं. मी निवृत्त शाळामास्तर. वडिलांनीं बांधलेल्या चार खोल्यांच्या घरांत राहतों. अशी मर्यादा आली तर ज्यांस लाभ होईल त्यांत माझें नांव बरेंच वर असेल.

तक्रारीचें मूळ आकारणीच्या रीतींत आहे. पूर्वी घरास वर्षाचें भाडें किती येईल हें ठरवीत, त्यांतून दुरुस्तीसाठीं दहावा हिस्सा वजा करीत व उरलेल्या रकमेवर कर बसवीत. मुंबईंत २०१० पासून भाड्याऐवजीं मिळकतीचें भांडवली मूल्य धरूं लागले. इतर महानगरपालिकांसही ती मोकळीक मिळाली आणि आपल्या शहरानेंही पुढें तीच वाट धरली. रेडीरेकनरमधील जागेचा भाव हा या मूल्याचा पाया. माझ्या घरांत एक वीटही वाढलेली नसतां, शेजारचे वाडे पडून त्यांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या म्हणून माझें घर कागदावर श्रीमंत होतें. ही श्रीमंती घर विकल्यावांचून हातीं येत नाहीं; आणि विकावयाचें तर राहावयाचें कोठें?

मुंबईच्या कायद्यानें ही अडचण ओळखली होती. नवी पद्धति लागू करतांना निवासी घरांचा कर मागील कराच्या दुपटीपलीकडे आणि इतर मिळकतींचा तिपटीपलीकडे जाऊं नये, व पुढील फेरआकारणींत वाढ शेंकडा ४० च्या आंत राहावी, असें त्यांत घातलें गेलें. म्हणजे मर्यादा ही कट्ट्यावरची कल्पना नव्हे. मीही एवढ्यावरच थांबलों असतों; परंतु एका वाड्याची आठवण मला थांबूं देत नाहीं.

आमच्या पेठेंत एक दुचौकी वाडा होता. त्यांत जुनीं बिऱ्हाडें. भाडें महिना सात-आठ रुपये. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या जागांचें भाडें १ सप्टेंबर १९४० रोजीं जें होतें तेथेंच खिळवून ठेविलें होतें. हेतु चांगला होता. युद्धानंतरच्या टंचाईंत भाडेकरूस रस्त्यावर येऊं द्यावयाचें नव्हतें. पण तात्पुरता म्हणून आलेला तो कायदा २००० सालापर्यंत टिकला. पुढें न्यायालयांनीं असेंही ठरविलें कीं, जेथें भाडें गोठलें तेथें कराचा आकारही त्या भाड्यापलीकडे जातां कामा नये. मग मालक दुरुस्ती करीना, नगरपालिकेस त्या वाड्यापासून चहापाण्यापुरतेंही उत्पन्न मिळेना, आणि गांवाबाहेर कर्ज काढून नवें घर बांधणारा कारकून मात्र पूर्ण कर भरी. एका श्रावणांत वाड्याची मागली भिंत बसली. सुदैवानें आंत कोणी नव्हतें. ज्यांच्या रक्षणासाठीं तो कायदा, त्यांच्याच डोक्यावरचें छप्पर गेलें.

दूर देशींही असेंच घडलें आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं १९७८ सालीं घराचा कर किंमतीच्या शेंकडा एकवर बांधला आणि आकारणींतील वाढ वर्षाला शेंकडा दोनवर. मात्र घर विकलें कीं नवी किंमत धरावयाची. परिणाम असा झाला कीं, एकाच गल्लींतील दोन सारख्या घरांपैकीं जुन्या मालकाहून नवा मालक कित्येक पट कर भरूं लागला.

आणि तिजोरीचें काय? जकात गेली. तिच्या जागीं आलेला स्थानिक संस्था कर २०१५ सालीं बहुतेक व्यापाऱ्यांस माफ झाला, व वस्तु आणि सेवा कर आल्यावर २०१७ सालीं उरलासुरलाही संपला. आतां सरकारी भरपाईची वाट पाहावी लागते. शहराच्या स्वतःच्या हातचें असें मोठें उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरफाळाच. रस्ते ठेकेदाराकडून करवून टोल बसविण्याचा प्रयोग झाला, तो नागरिकांनीं झुंजून २०१५ च्या अखेरीस रद्द करविला. त्या मोर्च्यांत मीही चाललों होतों आणि त्याचा मला पश्चात्ताप नाहीं. पण टोल नको आणि घरफाळाही वाढावयास नको, असें एकाच तोंडानें म्हणतांना मास्तराची जीभ अडखळते. २०१९ च्या महापुरांत पंचगंगा वस्तींत शिरली. पाणी ओसरल्यावर गाळ उपसण्यास माणसें लागलीं, गाड्या लागल्या. त्यांचा पैसा कोठून तरी यावाच लागतो.

म्हणून सरसकट मर्यादेस माझा विरोध आहे. दुकानें, भाड्यानें दिलेल्या जागा, रिकामे ठेविलेले फ्लॅट यांस ती नको. जो आपल्या एकुलत्या एक घरांत स्वतः राहतो त्यासच ती असावी. तीही महागाईच्या मानानें बदलणारी, एका आंकड्यावर कायमची ठोकलेली नव्हे. आणि तिच्यावर दर ठरविण्यापूर्वी, ज्या मिळकतींची नोंदच झालेली नाहीं त्या शोधून काढाव्या.

याहून एक बरी तोड कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत आहे. तेथें पंचावन्न वर्षांवरील घरमालकास कर पुढें ढकलतां येतो. तो सव्याज साठत जातो व घर विकलें गेलें किंवा मालक वारला म्हणजे वसूल होतो. म्हातारा घरांत राहतो, शहराचा पैसाही बुडत नाहीं. मला ही योजना फार आवडली. उत्साहाच्या भरांत मीं ती पुण्याच्या चिरंजीवांस दूरध्वनीवर सविस्तर समजावून सांगितली. शेवटीं वसुली कोणाच्या वांट्यास येते हें त्याच्या ध्यानीं आलें असावें. बराच वेळ पलीकडून आवाजच आला नाहीं. मग त्यानें विचारलें, "बाबा, यंदाचें बिल किती आलें आहे? मीच भरतों." बिल अजून माझ्या टेबलावर आहे. तें त्याच्याकडे पाठवावें कीं काय, हें मीं अद्याप ठरविलेलें नाहीं.