दूरदर्शन, विज्ञान आणि आपली श्रद्धा
(जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात केलेले भाषण)



आज मंदिरावर कळस चढला. गावाचे श्रमदान आणि दात्यांचा पैसा सार्थकी लागला. अशा मंगल प्रसंगी समितीने मला दोन शब्द बोलण्यास सांगितले, हा मी माझा बहुमान समजतो. मी काही विद्वान नाही, तालुक्याच्या कचेरीतला साधा कारकून आहे. पण एक विषय बरेच दिवस मनात घोळतो आहे. आपल्याकडची वडीलधारी मंडळी म्हणतात, "टीव्हीने पोरांचा देव घालवला." पोरे म्हणतात, "टीव्हीवर विज्ञान दाखवतात, मग हे सारे कशाला?" या वादाचा थोडा विचार करू.

१६ फेब्रुवारी १९८० रोजी खग्रास सूर्यग्रहण होते. कर्नाटक, आंध्र, ओरिसा या भागांतून ते पूर्ण दिसणार होते. त्या दिवशी शहरांतले रस्तेसुद्धा ओस पडले. लोकांनी घरातच बसावे म्हणून दूरदर्शनने चित्रपट दाखवला. पुढे पंधरा वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९९५ रोजी, ऐन दिवाळीत पुन्हा खग्रास ग्रहण आले. या वेळी त्याच दूरदर्शनने ग्रहण थेट दाखवले आणि प्राध्यापक यशपाल यांनी ते सोप्या शब्दांत समजावून सांगितले. घरोघरी लोकांनी ते पाहिले. यंत्र तेच होते. त्यातून बोलणारा बदलला, म्हणून लोकांची भीती कमी झाली.

त्याच वर्षी, ग्रहणाच्या महिनाभर आधी, २१ सप्टेंबरला गणपती दूध पितो अशी वार्ता दिल्लीहून निघाली आणि दिवसभरात देशभर पसरली. देवळांपुढे रांगा लागल्या. तेव्हा सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवला. चमच्यातले दूध ओल्या मूर्तीला टेकले की पृष्ठताणामुळे ओढले जाते आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली ओघळते. पांढऱ्या दगडावर पांढरे दूध डोळ्यांना दिसत नाही, रंगीत दूध दिसते. इतकी साधी गोष्ट!

पण मंडळी, इथे एक मेख आहे. पुष्कळांनी "पृष्ठताण" हा शब्द तेवढा पाठ केला. चमचा घेऊन स्वतः करून किती जणांनी पाहिले? कुणी महाराज म्हणाले म्हणून मानणे आणि टीव्हीवर कुणी शास्त्रज्ञ म्हणाले म्हणून मानणे, यांत फारसे अंतर नाही. आज तर शेकडो वाहिन्या आहेत. गूढ संगीत लावून "शास्त्रज्ञही थक्क झाले" असे सांगितले की तेही विज्ञान म्हणून खपते.

आपल्या जमिनीचे उदाहरण घ्या. कुणी तोंडी सांगितले म्हणून सातबाऱ्यावर नाव चढत नाही. तलाठी नोंद घेतो, नोटीस निघते, हरकती मागवतात, मगच मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो. विज्ञानाची रीतही अशीच आहे. तिथे हरकत घेणारा शत्रू नसतो. टीव्हीवर मात्र आपल्याला फक्त शेवटची नोंद दिसते, मधली चौकशी दिसत नाही.

चांद्रयानाचे पाहा. ७ सप्टेंबर २०१९ रोजी यान उतरताना अपयश आले. चुका शोधल्या, दुरुस्त केल्या आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. ते सर्वांनी टीव्हीवर पाहिले. उड्डाणापूर्वी काही शास्त्रज्ञ तिरुपतीला दर्शनाला गेले होते. त्यांनी देवापुढे हात जोडले, पण चुकांची तपासणी देवावर सोडली नाही. दोन्ही गोष्टी एका माणसात नांदू शकतात.

आपल्या विदर्भाला हे नवे नाही. टीव्ही नव्हता तेव्हा गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या लोकांनाच प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत. कर्ज काढून सण करणे, देवापुढे बकरे कापणे यांवर त्यांनी आयुष्यभर झोड उठवली, आणि भजनही सोडले नाही. टीव्ही आपल्याला सांगतो, पण आपला प्रश्न ऐकत नाही. ते काम देवळाच्या सभामंडपातच होऊ शकते. या मंदिराला चमत्काराचा टेकू नको. ते तुमच्या दानावर आणि गवंड्याच्या ओळंब्यावर उभे आहे.

म्हणून समितीला दोन नम्र सूचना करतो. पहिली, दरवर्षी गावातल्या मुलांना नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात न्यावे. १९९२ साली सुरू झालेले हे केंद्र गांधीसागर तलावाजवळ आहे. तिथे मुलांना उपकरणे स्वतः हाताळता येतात. दुसरी, २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. पाऊस उघडला तर गुरुजींच्या देखरेखीखाली मुलांना याच अंगणात ते दाखवावे. उघड्या डोळ्यांनी मुळीच पाहू नये. ग्रहणाचे खास चष्मे आणावेत, किंवा पुठ्ठ्याच्या बारीक छिद्रातून जमिनीवर पडणारी सूर्याची प्रतिमा पाहावी. ज्यांना सूतक पाळायचे त्यांनी खुशाल पाळावे. त्यांच्याशी वाद नको, आणि मुलांना अडवणेही नको. ग्रहण सुटल्यावर सर्वांनी मिळून आरती करावी.

कळस बांधून झाला. आता त्याच्या सावलीत प्रश्न विचारणारी पिढी वाढावी, एवढीच देवाचरणी प्रार्थना करून मी माझे दोन शब्द पुरे करतो.

जय हरी!