अश्लील काय आणि अन्याय काय?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



'अश्लील साहित्याच्या विक्रीवर सरकारने कडक बंदी घालावी' असा ठराव आज संध्याकाळी आपल्यापुढे येणार आहे. त्याला सरसकट विरोध करायला मी उभी राहिलेली नाही. पण तो आहे तसा मंजूर करू नये, असं मला वाटतं. का वाटतं, ते एका अनुभवावरून सांगते.

२०१४ साली मी एम.एस.डब्ल्यू. होऊन नुकतीच एका तालुक्याच्या गावी समुपदेशन केंद्रात कामाला लागले होते. एक आई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचं एका मुलावर प्रेम होतं. त्याने दोघांचं मोबाईलवर चित्रण केलं होतं. पुढे लग्न फिसकटलं आणि ती क्लिप एस.टी. स्टँडसमोरच्या मोबाईलच्या दुकानात पोचली. तिथे पैसे घेऊन मेमरी कार्डात गाणी, सिनेमे भरून देत. मागितलं तर 'तसलं'ही. भावाच्या मित्राने ते विकत घेतलं, तेव्हा घरात कळलं.

आम्ही तक्रार दिली. छापा पडला, संगणक जप्त झाला. आम्हाला वाटलं, जिंकलो. कागद हातात आले तेव्हा पाहिलं, तर गुन्हा होता अश्लील वस्तू विकल्याचा. तिच्या संमतीशिवाय हे विकलं गेलं, याबद्दल एक ओळ नव्हती. पंचांसमोर ती क्लिप पुन्हा लावली गेली. "काढू कशाला दिलंस?" असं तिलाच विचारलं गेलं. काही महिन्यांनी दुकान पुन्हा सुरू झालं. त्या मुलाला कोणी हातही लावला नाही. मुलगी मावशीकडे राहायला गेली. जाताना म्हणाली, "ताई, माझं म्हणणं कुठं लिहिलंय त्यात?"

तिचं म्हणणं लिहायला त्या कलमात जागाच नव्हती. भारतीय दंड संहितेचं कलम २९२ विचारायचं ते एवढंच : हे पाहून किंवा वाचून पाहणाऱ्याचं मन बिघडेल का? मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या, रणजित उदेशी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली इंग्लंडमधली १८६८ ची ही कसोटी उचलून धरली. २०१४ साली न्यायालयाने ती सोडली आणि आजच्या समाजाची मापं लावावीत असं सांगितलं. १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत २९४ या क्रमांकाने आलं आहे. कसोटी बदलली, क्रमांक बदलला. पण चिंता पाहणाऱ्याच्या मनाची आणि समाजाच्या सभ्यतेचीच राहिली. जिचं शरीर विकलं गेलं, तिची नाही.

सभ्यतेचा हा दंडुका कोणावर पडतो, हे महाराष्ट्राला माहीत आहे. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या मजकुरासाठी अश्लीलतेचे खटले झाले. एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरी कर्व्यांना दंड झालाच. लैंगिक प्रश्नांबद्दल सरळ माहिती देणारा माणूस या कायद्याने गुन्हेगार ठरवला.

मग स्त्रियांसाठी म्हणून कायदा झाला. १९८० च्या दशकात देशात ठिकठिकाणी आपल्या आधीच्या कार्यकर्त्यांनी सिनेमाच्या पोस्टरांना काळं फासलं. १९८६ साली स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी करणारा कायदा आला. त्याची व्याख्या वाचा. स्त्रीची मानहानी हा शब्द त्यात आहे, पण लगेच शेजारी सार्वजनिक नीतिमत्ताही येऊन बसली आहे. आपण मागितली होती प्रतिष्ठा, मिळाली सभ्यता.

आमचीही चूक सांगते. त्या वेळी आम्ही तहसीलदारांना निवेदन दिलं : 'संस्कृतीला काळिमा फासणारी दुकाने बंद करा.' गावातली संस्कृतिरक्षक मंडळी लगेच आमच्याबरोबर आली. मोर्चा मोठा झाला, आम्ही खूष. पंधरा दिवसांत त्याच मंडळींनी बैठक घेतली आणि मुलींच्या हातात मोबाईल देऊ नये असं ठरवलं. तो शब्द आम्हीच त्यांच्या हाती दिला होता.

सरकारी बंदीचंही पाहा. २०१५ च्या जुलैअखेर केंद्र सरकारने ८५७ संकेतस्थळं बंद करायला सांगितली. टीका झाली, आणि चारपाच दिवसांत मुलांचं चित्रण नसलेली स्थळं खुली करण्याची मुभा दिली. या सगळ्या वादात एकाही बाईला, 'तुझी क्लिप काढून टाकली का?' असं कोणी विचारलं नाही.

दुसरी वाट आहे, आणि ती कायद्यातच उघडली आहे. २०१३ च्या दुरुस्तीने ३५४-क हे कलम आलं. आता ते न्याय संहितेत ७७ आहे. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की बाईने चित्रणाला संमती दिली असली तरी ते इतरांना दाखवायला दिली नसेल, तर पसरवणं हा गुन्हाच. "काढू कशाला दिलंस?" याचं उत्तर कायद्यात लिहून ठेवलं आहे. २०१४ साली ते कलम होतं. पोलिसांनी लावलं नाही आणि मला माहीत नव्हतं. ही बोच अजून जात नाही. मुलांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं : 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दच नको, लैंगिक शोषण आणि अत्याचाराचं साहित्य म्हणा. शब्द बदलला की गुन्हा कोणाविरुद्ध झाला, ते दिसतं.

म्हणून ठरावात दुरुस्ती सुचवते. 'अश्लील' हा शब्द काढावा. 'स्त्रीच्या संमतीशिवाय तिचं चित्रण करणं, विकणं, पसरवणं' असं लिहावं. तक्रारीत तिचा जबाब आणि योग्य कलम यावं, क्लिप चारचौघांत लावली जाऊ नये, ती सगळीकडून काढण्याची जबाबदारी यंत्रणेने घ्यावी, अशी मागणी करावी. आणि प्रत्येक केंद्रात ही कलमं मराठीत लिहून भिंतीवर लावावीत.

बंदी मागताना आपण कोणाच्या वतीने बोलतो आहोत, हे आधी ठरवू या. समाजाच्या नीतीची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. त्या मुलीचं म्हणणं लिहून घेणारं मात्र आपल्याशिवाय कोण आहे?