घर सोडताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी काही बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचवले, तेव्हा मी म्हटले, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, मी काय भाषण करणार? त्या म्हणाल्या, "तुम्हाला जे येतं त्यावरच बोला." मला येते ते घरकाम. त्यातही यजमानांच्या बदलीच्या नोकरीमुळे बिऱ्हाड हलवण्याचे काम मी आठ वेळा केले आहे. म्हणून आज त्याच कामाच्या एका बाजूवर बोलणार आहे. ती बाजू म्हणजे मागे राहणारे घर.

नव्या घरात जाताना काय करायचे हे आपणा सर्वांना ठाऊक असते. दाराला तोरण बांधतो, देव आधी नेतो, चुलीवर दूध उतू घालतो. जुने घर सोडताना काय करायचे, हे मात्र कोणी फारसे सांगत नाही. सामान टेंपोत चढले की मन पुढे धावते. मागे राहतात माळ्यावरची रद्दी, ओट्याखालचे तेलकट कागद, मोरीतले केस आणि भिंतीवरचे खिळे. मग दोन-चार दिवसांनी त्याच दारात दुसरी एक बाई येऊन उभी राहते. तिच्या कडेवर मूल असते, हातात पिशव्या असतात, प्रवासाने जीव शिणलेला असतो. तिला पहिल्या संध्याकाळी चहा टाकता यावा आणि रात्री मुलाला जमिनीवर अंथरूण घालून निर्धास्त निजवता यावे, इतके घर आपण तयार करून जावे, असे माझे म्हणणे आहे.

यावर कोणी विचारील, "भाडं वेळच्या वेळी दिलं, आता दुसऱ्याचं घर कशाला घासायचं?" प्रश्न खोटा नाही. त्यातून मालकाशी बिनसले असेल तर हात मुळीच उचलत नाहीत. पण मी पाहिलेली एक हकिकत सांगते.

आम्ही एका तालुक्याच्या गावी राहत असताना शेजारच्या बिऱ्हाडाचे घरमालकाशी अनामत रकमेवरून वाजले. मालकाने बरीच रक्कम कापून घेतली. त्या मंडळींना राग आला, आणि तो येण्यासारखाच होता. जाताना त्यांनी सगळे दिवे काढून नेले, मोरीत चिंध्या कोंबल्या आणि उरलेसुरले अन्न तसेच ओट्यावर टाकून कुलूप लावले. मालकाला धडा मिळेल असे त्यांना वाटले. मालक राहायचा दुसऱ्या गावी. तो आलाच नाही. त्याने किल्ली परस्पर नव्या भाडेकरूंना पाठवून दिली. त्यातली बाई सातव्या महिन्यात होती. तिन्हीसांजेला ते दार उघडले तेव्हा आत अंधार, घाण वास आणि मोरीतून वर आलेले पाणी. ती बाई बादली घेऊन खाली बसली, ते मला अजून दिसते. आम्ही चारपाच जणी गेलो, तिला उठवले, दिवा लावला आणि रात्री दहापर्यंत ते घर धुतले. भगिनींनो, राग होता मालकावर, आणि हात भरले दुसऱ्याच बाईचे. मालकाला त्या घाणीचा वाससुद्धा आला नाही.

पैशाचे भांडण असेल तर ते जरूर भांडावे, पण कागदावर भांडावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. घरात शिरतानाच कोणता नळ गळतो, कोणती फरशी फुटकी आहे, कुठे ओल आहे, याची यादी करून दोघांनी सह्या कराव्यात. हल्ली प्रत्येकीच्या हाती मोबाइल आहे, तेव्हा प्रत्येक खोलीचे फोटो काढून ठेवावेत. सोडतानाही स्वच्छ केलेल्या घराचे फोटो काढावेत आणि वीजमीटरचा आकडा तारखेसह लिहून घ्यावा. मग कोणी "घर खराब केलंत" म्हणाले तर आपल्यापाशी उत्तर असते. म्हणजे स्वच्छतेत आपलाही फायदा आहेच.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. हे काम शेवटच्या दिवशी होत नाही. पंधरा दिवस आधी माळ्यापासून आरंभ करावा. न्यायचे, कोणाला द्यायचे आणि टाकायचे असे तीन ढीग करावेत. "असू दे, येणाऱ्याला उपयोगी पडेल" असे म्हणून मोडकी खुर्ची, फाटकी गादी मागे ठेवू नये. आपल्याला नकोशी झालेली वस्तू तिलाही अडगळच होते. मुदत संपलेली औषधे, उंदरांचे औषध, जुन्या बॅटऱ्या तर मुळीच मागे ठेवू नयेत. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, म्हणून बंद पडलेली ट्यूब फोडू नये. कचरा नेणाऱ्याकडे ती वेगळी द्यावी.

साफसफाईचा क्रम वरून खाली आणि आतून बाहेर असा ठेवावा. आधी माळा, मग पंखे, जळमटे, भिंती, खिडक्या, त्यानंतर ओटा, मोरी आणि अगदी शेवटी फरशी. फरशी आधी पुसली आणि पंखा मागून, तर तेच काम दोनदा करावे लागते.

ओट्यामागच्या भिंतीवर फोडणीचा चिकट थर बसतो. गरम पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून त्यात फडके भिजवावे आणि दहा मिनिटे त्या जागी चिकटवून ठेवावे. मग थर सुटतो. हातात रबरी मोजे घालावेत, कारण सोड्याने कातडी सोलवटते. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना किंवा खिडकीच्या चौकटींना मात्र हा सोडा लावू नये, त्या काळ्या पडतात. दुसरी गोष्ट दगडाची. आपल्याकडे जमिनीला शहाबादी फरशी आणि ओट्याला कडाप्पा असतो. हे दोन्ही चुनखडीचे दगड. लिंबू, व्हिनेगर किंवा ॲसिड त्यांना खाते आणि मग ते कायमचे निस्तेज होतात. डाग काढण्याच्या उत्साहात पुष्कळ बायका फरशी घालवून बसतात. त्यांना साधे साबणाचे पाणी आणि ब्रश पुरे.

मोरी आणि संडास यांबाबत एक गोष्ट सर्वांनी पक्की लक्षात ठेवावी. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नये, एकामागून एकही ओतू नये. त्यातून क्लोरीन नावाचा विषारी वायू निघतो. लहानशा बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो. जे काही वापरायचे ते एकच वापरावे, खिडकी आणि दार उघडे ठेवावे, आणि भरपूर पाणी ओतावे.

घर सोडताना भरलेला हंडा मागे ठेवावा अशी काही घरांत रीत आहे. रीत सुंदर आहे. पण ती नवे बिऱ्हाड आज-उद्या यायचे असेल तरच पाळावी, आणि हंड्यावर घट्ट झाकण ठेवावे. घर पंधरा दिवस बंद राहणार असेल तर पिंप, माठ, कुंड्यांखालच्या ताटल्या, सगळे रिकामे करून पालथे घालावे. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. ती अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, म्हणून पिंप नुसते ओतून चालत नाही, आतून ब्रशने घासावे लागते.

ढेकणांचेही तसेच आहे. घर बंद ठेवले की ढेकूण उपाशी मरतील असे समजू नये. ते कित्येक महिने रक्तावाचून जगतात. खाटेचे सांधे, भिंतीच्या भेगा, चौकटीच्या फटी यांत उकळते पाणी घालावे, आणि तरीही शंका राहिली तर येणारांना स्पष्ट सांगावे. लपवण्यासारखी लाज त्यात नाही. ढेकूण श्रीमंताच्या गादीतही होतात. झुरळांसाठी बोरिक पावडरच्या गोळ्या ठेवल्या असतील तर त्या मोजून उचलाव्यात. आपल्या घरातले मूल मोठे झालेले असते, येणाऱ्या घरातले रांगते असू शकते.

भिंतींकडे एक नजर टाकावी. जिथे टेकून बसतो तिथे डोक्याच्या तेलाचे डाग असतात, जिथे मुले अभ्यास करतात तिथे पेन्सिलीची गणिते असतात. ती पुसावीत. गंजलेले खिळे काढून भोके पुट्टीने बुजवावीत. मात्र पाळण्याची कडी आणि कपडे वाळत घालायच्या दोरीचे हूक काढू नयेत. प्रत्येक खोलीत एक चालता दिवा ठेवावा. जमिनीत लावलेला कढीपत्ता उपटून नेऊ नये. कुंडीतली तुळस न्यावी किंवा शेजारणीच्या हवाली करावी, म्हणजे ती बंद घरात पाण्यावाचून वाळणार नाही. गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर, गाव बदलत असेल तर, एजन्सीत जमा करून बदलीचा कागद घ्यावा. घाईत तसाच मागे टाकू नये.

काही कामे आपली नव्हेत, हेही सांगितले पाहिजे. गळके छप्पर, भिंतीत मुरलेली ओल, जुनाट वायरिंग, ही मालकाची कामे. ओल झाकण्यासाठी वरून रंगाचा हात मारू नये. त्याने येणारी बाई फसते. उलट ओल कुठे आहे हे मालकाला लिहून कळवावे आणि तिलाही सांगावे.

कसे सांगायचे? एक चिठ्ठी लिहावी. नळाला पाणी किती वाजता येते, घंटागाडी केव्हा येते, पावसाळ्यात कोणते दार फुगते, कोणती कडी उचलून लावावी लागते, जवळचा दवाखाना आणि रेशनचे दुकान कुठे आहे. दहा ओळी पुरेत. ती चिठ्ठी आणि किल्ल्यांचा जुडगा ओट्यावर किंवा शेजारी ठेवावा. चिठ्ठीत एकच पथ्य पाळावे, शेजाऱ्यापाजाऱ्यांविषयी वाईट लिहू नये. आपले जिच्याशी पटले नाही, तिचे आणि येणारीचे कदाचित फार छान जमेल.

आणखी एक बोलणे माझ्या कानांवर आले आहे. "कोण येणार ते आधी कळू दे, मग बघू." म्हणजे येणाऱ्यांची जात कोणती, धर्म कोणता, ते पाहून हाती केरसुणी धरायची! हे मला मान्य नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीची पूजा करतो. ती केरसुणी कोणाचे आडनाव विचारत नाही. संत गाडगेबाबांचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. १८७६ साली विदर्भात जन्मलेला आणि १९५६ साली देह ठेवलेला हा माणूस ज्या गावी जाई तेथे आधी हातात खराटा घेई, गाव झाडी, आणि मग रात्री कीर्तनाला उभा राही. ते गाव काही त्यांचे राहते घर नव्हते. सकाळी ते पुढच्या वाटेला लागत. झाडलेल्या रस्त्यावरून गावातले सगळेच चालत. आपल्याला तर एकच घर झाडायचे आहे.

आता घरातल्या पुरुषमंडळींविषयी थोडेसे. बिऱ्हाड हलवताना ते बहुधा दोऱ्या आवळतात आणि टेंपोवाल्याला सूचना देतात. पंखा पुसणे, खिळे काढणे, पिंप पालथे घालून घासणे ही उंचीची आणि ताकदीची कामे त्यांनी आणि मोठ्या मुलांनी करावीत. आमच्या घरी मुलाकडे मोरी आणि मुलीकडे खिडक्या अशी वाटणी असते. मोलकरीण बाईंकडून हे जादा काम करून घ्यायचे असेल तर त्याचे वेगळे पैसे द्यावेत. महिन्याच्या पगारात ते धरू नये.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्या वसाहतीत दर महिन्याला एखादे बिऱ्हाड जाते, एखादे येते. प्रत्येकीजवळ शिडी, लांब दांड्याचा झाडू, पटाशी, रबरी मोजे असतातच असे नाही. मंडळाने असा एक संच घेऊन ठेवावा. घर सोडणाऱ्या बाईला तो दोन दिवस द्यावा आणि मंडळातल्या दोघींनी तिच्या मदतीला जावे. नवे बिऱ्हाड आले की त्याच दोघींनी पहिल्या संध्याकाळी पिठले-भाताचा डबा आणि पिण्याच्या पाण्याची कळशी न्यावी. वर्षाच्या खर्चात ही गोष्ट सहज बसेल, असे मी खजिनदारबाईंना विचारूनच सांगत आहे. येत्या सभेत यावर विचार व्हावा ही विनंती.